झल्लाकच्या बागेतला कवी

आमच्या घरात कवितेचा विषय पहिल्यांदा निघाला तो ताकावरून. पप्पा रोज संध्याकाळी घरी येताना बहारीनमध्ये हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, लबनच्या दोन मोठ्या बाटल्या घ्यायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी कामावर जाताना डब्याबरोबर घेऊन जायचे. लबन म्हणजे इथलं ताक, आपल्यापेक्षा जरा दाट. आईला पहिले काही दिवस वाटलं, माणूस उन्हात काम करतो, पीत असेल. पण पप्पांना ताकाचा वाससुद्धा चालत नसे. घरात कढी झाली की ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे. तरी आईनं धीर धरला. नवऱ्यावर संशय घ्यायचा, पण तो लबनवरून कसा घ्यायचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी तव्यावर तांदळाची भाकरी टाकता टाकता तिनं विचारलंच. पप्पा बूट काढत होते. वर न बघता म्हणाले, "दगडावर ओततो."

"कंच्या दगडावर?"

"बागेतल्या."

"देवाचा हाय?"

"नाही गं. कवीचा."

भाकरी करपली. आईच्या हातून भाकरी करपल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

आमचं घर बौद्ध. हॉलमध्ये टीव्हीच्या वर दोन फोटो, त्यांच्यापुढे मेणबत्ती, आणि आईला बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. दगडधोंड्यांपुढे हात जोडायचं तिच्या आजोबांनी सोडलं तेव्हा अख्ख्या गावाशी वैर पत्करलं होतं. आणि आता तिचा शिकलासवरलेला, दापोलीला शेतकीचा डिप्लोमा केलेला नवरा विमानात बसून बहारीनला आला होता आणि दगडाला ताकाची आंघोळ घालत होता. "सुजाताचे पप्पा," ती म्हणाली, "ह्याच्यासाठी आलो व्हय आपन हितं?" पप्पांनी शांतपणे सांगितलं, की पूजाबिजा काही नाही, दगडावर शेवाळ धरावं म्हणून ताक ओततात, साहेबांची ऑर्डर आहे. यावर आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा पूजा केली असती तर बरं, असं त्यांना वाटलं असावं. आमच्या महाडकडे शेवाळ ही धुण्याच्या दगडावरून खरवडून काढायची गोष्ट. ते मुद्दाम वाढवायला कोणी माणूस पगारावर ठेवतं, हे तिला पूजेपेक्षा अवघड गेलं.

साहेबांचं नाव ओकादा. एका जपानी कंपनीचे मोठे इंजिनिअर होते, बहारीनमध्ये त्यांची बरीच वर्षं गेली होती आणि आता रिटायर व्हायला एकच वर्ष उरलं होतं. झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला त्यांनी आपल्या खर्चानं जपानी बागेचा एक कोपरा करून दिला होता. बारीक खडी, चार मोठे धोंडे, बांबू म्हणून लावलेलं आणि बांबू न झालेलं काहीतरी, आणि मधोमध हा दगड. पप्पा बागा सांभाळणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते आणि रिसॉर्टची बाग त्यांच्याकडे होती. दगड जपानहून लाकडी खोक्यात आला. पप्पांच्या छातीइतका उंच, काळसर, वरून ओबडधोबड. त्यावर वरून खाली जाणाऱ्या तीन ओळी कोरलेल्या आणि खाली बारीक रेघांनी काढलेला एक माणूस. साहेबांनी पप्पांना समजावलं, की हा आमचा फार जुना, फार मोठा कवी. तो आयुष्यभर पायी हिंडला. जिथं जिथं गेला तिथं तिथं लोकांनी त्याच्या कवितेचा दगड उभा केला. साहेबांच्या गावात तो फक्त एक रात्र झोपला होता, तर तिथं त्या झोपेचे तीन दगड आहेत. बहारीनला तो कधी आला नव्हता. पण त्यात त्याचा काही दोष नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं.

राहिलं शेवाळ. जपानात अशा दगडावर आपोआप शेवाळ येतं, त्याशिवाय तो शोभत नाही. त्याला पन्नास-शंभर वर्षं लागतात. साहेबांकडे एकच वर्ष होतं, म्हणून त्यांनी पप्पांना ताकाचा उपाय सांगितला. पप्पांनी मनापासून केला. सावलीसाठी वर जाळी लावली, तासातासाला पाण्याचा फवारा मारला, लबन ओतलं. झल्लाकच्या उन्हात शेवाळ काही आलं नाही. मांजरं आली. रिसॉर्टमधली सगळी मांजरं सकाळी दगडापुढे रांगेनं बसायची आणि चाटून चाटून त्यांनी दगड मूळचा होता त्याहून स्वच्छ केला. ओकादा साहेब दर शुक्रवारी सकाळी यायचे, म्हणून पप्पांना सुट्टीच्या दिवशीही सकाळची ड्युटी असायची. साहेब वाकून दगड बघायचे आणि म्हणायचे, "लिटल बिट, तांबे-सान." पप्पा म्हणायचे, "यस सर, लिटल बिट." दोघांनाही तिथं काही दिसत नसे. दोघांचं एकमेकांशी फार चांगलं होतं.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खोली म्हणायची सवय. खरं तर दोन खोल्या, एक हॉल आणि स्वयंपाकघराची अरुंद पट्टी. खाली लॉन्ड्री, तिच्या वाफेच्या इस्त्रीचा फुस्स असा आवाज दिवसभर. हॉलमधला एसी इतका जुना, की तो बंद केला की कोणी तरी बोलायचं थांबलं असं वाटायचं. समोरच्या दारात रत्नागिरीचे युसूफभाई आणि हमीदाचाची. युसूफभाईंची व्हॅन होती आणि ते दुकानांना माल पोचवायचे. आईनं सोडे भाजले की हमीदाचाची वासावरून दार उघडायची, आणि तिच्याकडे सांदणं झाली की आमचं दार उघडंच असायचं. मी नववीत होते आणि घरात इंग्रजीत उत्तरं द्यायचे. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत सांगायचे, दोघींचं उत्तम चालायचं. आता माझा मुलगा माझ्याशी तसंच वागतो आणि मला त्याचा राग येतो.

त्या घरात आमचं राहणं एका शब्दावर होतं. पप्पांच्या हिरव्या शर्टाच्या खिशावर 'सुपरवायझर' असं शिवलेलं होतं. सुपरवायझर होते म्हणून फॅमिली व्हिसा होता. त्याच्या खालच्या हुद्द्यावरची माणसं कॅम्पमध्ये राहायची आणि त्यांच्या बायका गावी. हे आम्हाला कोणी बसवून सांगितलं नव्हतं, पण घरातल्या भांड्यांनाही माहीत असावं. पप्पा आजारी पडत नसत. रजा मागत नसत. साहेब लोकांच्या समोर खुर्चीत बसत नसत. पुढे केली तरी तिच्या पाठीला हात लावून उभे राहायचे. आईला दर महिन्याला एकदा तरी वाटायचं, हे सगळं सोडून महाडला जावं. पण माझी दहावी इथं व्हायला हवी, हेही तिचंच म्हणणं होतं.

ताकाच्या भांडणानंतर दोन-तीन दिवसांनी आईनंच विषय काढला. त्या दगडावर लिहिलंय तरी काय? पप्पांना साहेबांनी अर्थ सांगितला होता. सांगायला अर्धा तास लागला होता, असं पप्पा म्हणाले, पण कविता तेवढी मोठी नाही. "एक माणूस वाटेत विहिरीवर थांबतो, पाय धुतो. पाणी गार असतं."

"मंग?"

"मग काही नाही. संपली."

आईनं सोड्यांची परात पुढे ओढली. "कुनी हटकलं नाय त्याला?"

"कवितेत तरी नाही."

"परगावचा मानूस, विहिरीवर चढला, पाय धुतले, आन कुनी काय बोललं नाय?"

"नाही."

"मंग चांगली हाय कविता," आई म्हणाली आणि सोडे निवडायला घेतले. आमचं गाव महाड तालुक्यात. पाण्याची गोष्ट तिथं कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पुढे मी कॉलेजात कवितेवर बरीच व्याख्यानं ऐकली, पण इतक्या कमी वेळात कोणी निकाल दिलेला पाहिला नाही.

त्यानंतर पप्पांनी साहेबांनी काढलेला दगडाचा एक फोटो घरी आणला. आईनं तो खिडकीशी नेऊन पाहिला. ओळींवरून तिची नजर खालच्या माणसावर गेली आणि तिथंच राहिली. भादरलेलं डोकं. अंगावर घोळदार वस्त्र. हातात काठी, पाठीला झोळी. "अवो," ती म्हणाली, "हे भंतेजी हायत."

"कवी आहे तो."

"कवी असतील. भंतेजींनी कविता करू नये असं कुठं हाय? हे डोकं बघा. हे चीवर बघा. जपान कुनाचं हाय? बुद्धाचं. आन तुमी ह्यांच्या डोक्यावर ताक वतलंव." पप्पांनी आणखी एकदा सांगून पाहिलं, की साहेब कवी म्हणतात. आईनं विचारलं, साहेबांना विचारलंत का भंते आहेत की नाहीत? पप्पांनी विचारलं नव्हतं. मग झालं तर, आई म्हणाली. फोटो टीव्हीच्या वर गेला, दोन फोटोंच्या खाली, जरा बाजूला. दुसऱ्या दिवसापासून लबन आणायचं बंद झालं आणि मांजरांची निराशा झाली.

इथं थोडं आमच्या सणांबद्दल सांगायला हवं. बहारीनमध्ये आमचे सगळे सण शुक्रवारी यायचे. जयंती कुठल्याही वारी असो, पौर्णिमा कुठल्याही वारी असो, सुट्टी शुक्रवारचीच, म्हणून सण पुढच्या शुक्रवारी. चंद्र तोवर कोरभर कमी झालेला असायचा, पण कोणी तक्रार करत नसे. दरवर्षी आम्ही इथली बौद्ध कुटुंबं मिळून हूऱ्यातल्या एका खानावळीचा वरचा हॉल घ्यायचो. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, वंदना, मग खीर आणि पुलाव. त्या वर्षी वैशाखाच्या पौर्णिमेला खानावळवाल्यानं हॉल साखरपुड्याला देऊन टाकला आणि आठ दिवस आधी सांगितलं. बायका आमच्या घरी जमल्या. कोणी म्हणालं, या वर्षी आपापल्या घरी करू. जाधवकाकू म्हणाल्या, घरी तर रोजच करतो, इथं ना विहार ना काही. आणि मग त्यांची नजर टीव्हीच्या वर गेली. "हे कोण गं, विमल?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं पप्पांना एवढंच सांगितलं, की शुक्रवारी सकाळी मी आणि सुजाता दगड बघायला येऊ का? पप्पांना बरं वाटलं. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांची बाग कधी पाहिली नव्हती. त्यांनी ओकादा साहेबांना विचारलं, "सर, माय फॅमिली वॉन्ट टू सी द स्टोन." साहेब म्हणाले, "प्लीज, प्लीज." आता फॅमिली म्हणजे पप्पांच्या मनात बायको आणि मुलगी होती. आईच्या मनात जो जो जयभीम म्हणतो तो होता. परवानगी दोघांनी एकच घेतली.

शुक्रवारी पहाटेच हमीदाचाचीनं आईला केस बांधायला मदत केली आणि तिच्या अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा खोचला. खाली युसूफभाईंनी व्हॅनमधली रिकामी खोकी काढून सतरंजी अंथरली होती. "वहिनी, गाडी तयार हाय. यल्ला, चला, ऊन व्हायच्या आत पोचू," ते म्हणाले. त्यांच्या व्हॅनमध्ये आम्ही बायका आणि मुलं दाटीवाटीनं बसलो, मागून जाधवकाकांच्या गाडीत बाकीचे. मांडीवर खिरीचं पातेलं घेऊन आई सगळ्यांत पुढे. हवा इतकी दमट होती, की काचा बाहेरून ओल्या झाल्या होत्या. झल्लाकच्या मागच्या गेटवर एक नेपाळी गार्ड होता. पांढऱ्या साड्या, फुलं, मेणबत्त्या बघून त्यानं हिंदीत विचारलं, काय आहे? जाधवकाकू म्हणाल्या, बुद्ध जयंती. त्यानं ताठ होऊन सांगितलं, "बुद्ध हमारे नेपाल में पैदा हुए थे," आणि गेट उघडलं. फॅमिली ऑफ मिस्टर तांबे, हे आईनं पाठ केलेलं वाक्य वापरायची वेळच आली नाही.

पप्पा दगडाच्या बाजूला पाइपनं पाणी घालत होते. आम्हाला दोघींना बघून हसले. मग आमच्या मागून जाधवकाकू आल्या, मग त्यांची सून, मग मुलं, मग काका, आणि पप्पांचं हसू एकेका माणसागणिक कमी होत गेलं. त्यांनी आईला बाजूला घेतलं. "विमल, हे काय? इथं असं चालत नाही. बघा आणि निघा." आई म्हणाली, "पाच मिनटं. वंदना घेतो आन जातो." तोवर जाधवकाकूंनी सतरंजी अंथरली होती. दगडापुढे मेणबत्त्या लागल्या, उदबत्ती लागली. दगडावरचा माणूस काठी धरून आपला चाललेलाच होता. आम्ही बसलो, आईनं त्रिसरण सुरू केलं आणि आमचे आवाज त्या खडीच्या बागेत फार मोठे वाटले. पप्पा पाइप हातात धरून तसेच उभे राहिले. पाणी एकाच झुडपाला मिळत होतं.

पंचशील सुरू होतं तेव्हा रिसॉर्टचा ड्युटी मॅनेजर आला. तरुण, टाय घातलेला, आधीच घामेजलेला. नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांपैकी कोणी तरी त्याला बोलावून आणलं असावं. तो ओरडला नाही. त्यानं इंग्रजीत, अगदी नीट शब्दांत सांगितलं, की ही खाजगी जागा आहे, इथं जमाव करायला, काही पेटवायला परवानगी नाही, तुम्ही कृपा करून उठा. बाकीचे आवाज एकेक करून थांबले. जाधवकाकू अर्धवट उठल्या. आई थांबली नाही. तिनं डोळे मिटलेले होते आणि ती एकटीच म्हणत राहिली. मॅनेजर तिच्याजवळ आला आणि हातानं वर केल्यासारखी खूण करून पुन्हा म्हणाला, "मॅडम, प्लीज. अप. अप."

लहानपणी गावातल्या एका लग्नात आई चुकून पुढच्या पंगतीत बसली होती. वाढणाऱ्यानं तिला वाढलेल्या पानावरून उठवलं होतं. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, मामांनी सांगितलं. तेव्हा ती उठली होती. माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतरही बऱ्याच ठिकाणाहून उठली असेल. त्या सकाळी ती उठली नाही. तिनं डोळे उघडून मॅनेजरकडे एकदा बघितलं, पुन्हा मिटले आणि पुढचं शील म्हणायला लागली.

मॅनेजर मग पप्पांकडे वळला. "मिस्टर तांबे, डू यू नो धिस लेडी?"

नववीतल्या मुलीला व्हिसाचं सगळं कळत नसलं तरी हा प्रश्न कळतो. पप्पा नाही म्हणू शकत होते. गेट त्यांनी उघडलं नव्हतं. दोष गार्डवर गेला असता, आम्ही निघून गेलो असतो, शनिवारी पप्पा नेहमीसारखे कामावर गेले असते. आईसुद्धा काही बोलली नसती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. पप्पांनी आधी नळ बंद केला. पाइप गुंडाळला, नेहमी गुंडाळायचे तसा, वेटोळ्यावर वेटोळं. मग टोपी काढली, बूट काढले, ते कडेला जोडीनं ठेवले, आणि मॅनेजरच्या देखत आईच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.

"माय वाइफ, सर," ते खालूनच म्हणाले. "दॅट इज माय डॉटर. फाइव्ह मिनिट्स." आणि आई जिथं होती तिथून त्यांनी आवाज मिळवला. पप्पांचा आवाज बेसूर होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि मी रडत रडतच पुढचं म्हणू लागले, मराठी उच्चारात, मोठ्यानं. हळूहळू बाकीचेही म्हणायला लागले. मॅनेजर तसाच उभा राहिला. बसलेल्या माणसाला दरडावता येतं, पण सगळेच बसलेले असले की एकट्यानं उभं राहायला कसं तरी होतं, असं त्याच्याकडे बघून वाटलं.

वंदना संपली तेव्हा लक्षात आलं, की मागे ओकादा साहेब उभे आहेत. त्यांचा शुक्रवार होता. छत्री मिटून, दोन्ही हातांत आडवी धरून ते आपली पाळी यायची वाट बघावी तसे उभे होते. आईनं कागदी वाट्यांत खीर भरली, पहिली साहेबांना दिली, दुसरी मॅनेजरला. मॅनेजरनं घेतली, कारण हातात दिली होती, आणि मग ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना. साहेबांनी खीर संपवली, पप्पांजवळ आले आणि अतिशय संकोचून, हळू आवाजात काही तरी सांगितलं. पप्पांचा चेहरा पडला.

"काय म्हंतात?" आईनं विचारलं.

पप्पा सांगेनात. सगळे बघत होते. शेवटी म्हणाले, "साहेब म्हणतात, तो भिक्खू नव्हता. लांबच्या वाटेवर कोणी त्रास देऊ नये म्हणून भिक्खूसारखे कपडे घालून फिरायचा. नुसता कवी होता."

जाधवकाकूंनी आईकडे बघितलं. अख्खी सतरंजी आईकडे बघत होती. आईनं दगडावरच्या माणसाला एकदा नीट न्याहाळलं, खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "नसंना का. आमी वंदना बुद्धाला केली. हे नुसते म्होरं बसले व्हते." पप्पांनी याचं इंग्रजी जमेल तसं केलं. साहेबांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते आईपुढे कमरेत वाकले, बराच वेळ, आणि आईला काय करावं ते न सुचून तीही वाकली.

पुढे नोकरीसाठी मी पुन्हा बहारीनला आले, आणि अजून कधी कधी झल्लाकला जाते. रिसॉर्टचे मालक बदलले, बाग बदलली, दगड आहे. आता त्याच्याभोवती साखळी आहे, आणि 'मेणबत्त्या लावू नयेत' अशी इंग्रजी-अरबी पाटी. ती आमच्यामुळे लागली हे तिथं कोणाला माहीत नाही. लोक पाटीसकट फोटो काढतात.

वंदनेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कंपनीनं पप्पांना ऑफिसात बोलावलं. ड्युटीवर असताना गिऱ्हाइकाच्या जागेत जमाव केला, मॅनेजरचं ऐकलं नाही, त्याच्यासमोर खाली बसले. हे सगळं खरंच होतं, त्यामुळे पप्पांनी नाही म्हटलं नाही. ओकादा साहेब रिसॉर्टच्या मॅनेजरला भेटले. तो म्हणाला, हा कंपनीचा मामला आहे. कंपनीला भेटले, ती म्हणाली, रिसॉर्टची तक्रार आहे. साहेबांनी घरी येऊन पप्पांना हे स्वतः सांगितलं, आमच्या हॉलमध्ये एसीच्या आवाजात, आणि सांगताना त्यांचे डोळे भरले. पप्पांनीच त्यांना चहा करून दिला. पप्पांची सित्र्याला बदली झाली, कंपनीच्या नर्सरीत, रिफायनरीच्या रस्त्यांसाठी झाडं तयार करायला. सुपरवायझर आता ते नव्हते. नवा शर्ट मिळाला, त्याच्या खिशावर काही शिवलेलं नव्हतं. आमचा व्हिसा संपेपर्यंत चालणार होता, पुढे मिळणार नव्हता. माझी दहावी महाडला होणार हे त्या आठवड्यात ठरलं. जाधवकाकू येऊन आईजवळ रडून गेल्या. आई रडली नाही. ती स्वयंपाक करत राहिली, आणि तीन दिवस मीठ जास्त पडलं. आम्ही तसंच जेवलो.

सित्र्याची बस कंपनीची होती आणि पहाटे उजाडता उजाडता हूऱ्याच्या कोपऱ्यावर यायची. पहिल्या दिवशी आई पप्पांबरोबर खाली आली. ती कधी खाली यायची नाही, डबा दारातच द्यायची. मी पाण्याचा जग घेऊन मागून आले. कोपऱ्यावर आणखी पाच-सहा माणसं उभी होती, सगळ्यांच्या हातात डबे, आणि आईला बघून ती जरा सरकून उभी राहिली. लॉन्ड्री अजून उघडली नव्हती. आई डबा पोटाशी धरून उभी होती, देत नव्हती. चार दिवस जे तोंडात घोळवत होती ते तिनं रस्त्याकडे बघत म्हटलं.

"मी उठले असते तं हे झालं नसतं."

पप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, बस येतेय का ते वाकून बघितलं.

"तू उठली असतीस," ते म्हणाले, "तर मी कुणाच्या शेजारी बसलो असतो?"

आईनं डबा त्यांच्या हातात दिला. बस आली. पप्पा चढले, आणि आम्हाला दिसावं म्हणून आमच्या बाजूच्या खिडकीशी बसले.